घरी शिवलेला कापडी डायपर गळतोय? आधी करदोटा बघा, सुई नंतर

नुसतं "गळतो" म्हणून भागत नाही. कुठून गळतो, घातल्यावर किती वेळाने गळतो, आणि पहिल्या दिवसापासून गळतो की मध्येच गळायला लागला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मं निदान असतं. गेली १४ वर्षं मी घरी कापडी डायपर शिवते, आणि खरं सांगायचं तर शिवण्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्यांनी शिवलेले उसवण्यात गेलाय. तक्रार जवळजवळ कायम हीच. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी नावं ठरवू. डायपरचे दोन भाग धरा: बाहेरची चड्डी आणि आतलं पॅड. पॅड म्हणजे टर्किश, फ्लॅनेल किंवा जुन्या मलमलीच्या घड्या. शू शोषायचं काम त्याचं. चड्डीत पीयूएल असतं, म्हणजे विणलेलं पॉलिस्टर कापड आणि त्याच्या एका बाजूला बसवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. आपल्या आज्या बाळाखाली मेणकापड घालायच्या, त्याचंच हे मऊ, धुता येणारं भावंड. त्याच्यावर मग शोभेचं सुती कापड, भरतकाम, पायपिंग, ज्याची जशी हौस.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते बघा. दोन-तीन एकदम असतील तरी घाबरू नका, बहुतेक वेळा मूळ एकच निघतं.

– मांडीवरून ओघळ येतो, पण पॅड काढून बघितलं तर फक्त मधोमध ओलं, कडा कोरड्या ठणठणीत.
– पोटाशी किंवा पाठीशी झबलं ओलं होतं, मांड्या मात्र कोरड्या.
– पॅड पिळलं तर पाणी गळतं, म्हणजे ते पूर्ण भरलेलं आहे.
– पहिले दोन महिने छान चालला, आता अर्ध्या तासात गळतो.
– बाळ झोपलेलं असताना ठीक. कडेवर घेतलं की आपली साडी ओली.
– बाहेरून ठिपक्याठिपक्यांनी ओल येते. शिवणीवर, बटणापाशी, नाहीतर बरोबर नक्षीवर.
– सकाळी डायपर उघडला की डोळ्यांना झोंबणारा वास, आणि बाळाचं बूड लाल.

खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी आठ डायपरांचं इलॅस्टिक स्वतः उसवून बदललेलं होतं. दोन दुपारी गेल्या त्यात. दोष तेलाचा होता.

पहिली तपासणी: काय अडकलंय?

बाळाला डायपर घाला आणि कमरेभोवती, मग दोन्ही जांघांतून बोट फिरवा. आतलं पॅड किंवा सुती कापडाची कड कुठे बाहेर डोकावतेय का? एवढीशी, गव्हाच्या दाण्याएवढी कड बाहेर राहिली तरी पुरे होते. समईत वात तेल वर ओढते आणि काठावर आणून ठेवते ना, सुती धागा इथे अगदी तेच करतो. पीयूएल कितीही चांगलं असो, त्याच्या डोक्यावरून वात टाकलेली असेल तर पाणी बाहेर येणारच. हा वातीचा हिशोब लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आता करदोटा. एका बाळाचा डायपर रोज पाठीच्या डाव्या बाजूलाच गळायचा. आईने चड्डी दोनदा बदलून घेतली. शेवटी म्हटलं, बाळालाच घेऊन या. आणलं. बघते तर काळ्या करदोट्याची गाठ बरोबर तिथे, अर्धी डायपरच्या आत आणि शेपटं बाहेर, आणि शेपट्याच्या टोकाला झबल्यावर रुपयाएवढा ओला डाग. सुती दोरा, गाठ मारून सोडलेली दोन टोकं: वातच की ती. करदोटा काढायची गरज नाही, घरात वाद होतात. डायपरच्या कडेच्या वर सरकवा आणि शेपटं आखूड कापा. चांदीची साखळी असेल तर ती पाणी ओढत नाही, पण कडेखाली आली की कड उचलली जाते आणि फट पडते. तीही वर घ्या.

झबल्याचंही तसंच. ते डायपरमध्ये खोचलं गेलं की पोट ओलं होणार. खोचू नका, वरून सोडा.

दुसरी: बसतोय कुठे?

पायाचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेत हवं. आपली चड्डी जिथे बसते तिथेच. मांडीवर बसलेलं इलॅस्टिक बाळाने पाय झाडला की सरकतं आणि फट पडते. कमरेशी दोन बोटं आरामात जावीत. चार जात असतील तर ढगळ आहे, एकही जात नसेल तर ते पॅडच पिळून काढेल. घट्ट केलं की गळणार नाही हा गैरसमज मी रोज ऐकते. घट्ट डायपर जास्त गळतो, आणि मांडीवर वळ उठतात ते वेगळंच.

मुलगा असेल तर शूची धार पुढे आणि वर जाते, म्हणून घालताना लिंग खाली वळवून ठेवायचं आणि पॅडची जादा घडी पुढच्या बाजूला द्यायची. मुलीला मधोमध. पालथं झोपणाऱ्या बाळाला, मुलगा असो की मुलगी, घडी पुढेच. नाळ अजून पडली नसेल तर पुढची कड खाली दुमडून नाळ मोकळी ठेवा.

तिसरी: पॅडला झेपतंय का?

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कोरडं पॅड तोला, मग पाण्यात पूर्ण बुडवा, उचलून निथळू द्या आणि परत तोला. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशोब सोपा. माझं रोजचं टर्किशचं पॅड कोरडं ५८ ग्रॅम भरतं, निथळल्यावर २३२. म्हणजे १७४ मिलिलिटर धरतं. पण बाळ त्याच्यावर बसतं, आपण कडेवर घेतो, दाबलं की त्यातलं बरंच सुटतं. मायक्रोफायबरचं पॅड तर स्पंजसारखं आहे, भराभर पितं आणि दाबलं की भराभर सोडतं. "कडेवर घेतलं की गळतो" ही तक्रार बहुतांशी मायक्रोफायबरची असते. त्याच्याखाली सुती किंवा फ्लॅनेलच्या चार घड्या घाला. आणि मायक्रोफायबर थेट अंगाला लावू नका, ते त्वचेतला ओलावाही ओढून घेतं.

पॅड चिंब भरूनच गळत असेल तर डायपरचा काही दोष नाही. दिवसा दोन-अडीच तासांनी बदला, रात्री दोन पॅडं घाला. इथे थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

चौथी: पाण्याचा थेंब

आठपैकी पाच-सहा डायपर इथेच सुटतात, म्हणून जरा बैठक मारून वाचा.

धुऊन पूर्ण वाळलेलं पॅड टेबलावर पसरा आणि चमचाभर पाणी सावकाश त्याच्यावर सोडा. पाणी दोन-तीन सेकंदांत आत गेलं पाहिजे. अळवाच्या पानावर थेंब लोळतो तसं ते पॅडवर लोळत राहिलं तर पॅड पाणी घेतच नाही. बाळाने शू केली की ती पॅडवरून घसरत जाऊन मांडीशी पोचते. "मधोमध ओलं, कडा कोरड्या" हे लक्षण याचंच.

का घेत नाही? कारणं चार.

नवीन कापड असेल तर खळ. मांजरपाट, मलमल, फ्लॅनेल, सगळ्याला गिरणीतून खळ लावून येते, आणि कच्च्या सुती कापडात कापसाचा स्वतःचा मेणासारखा अंशही असतो. नवा सोलापुरी टॉवेल पहिल्या दिवशी अंग नीट पुसत नाही, हे तुम्ही अनुभवलंच असेल. तेच इथे. कापड बेतायच्या आधी रात्रभर भिजवा, मग गरम पाण्यात साबण-पावडर घालून चार-पाच वेळा धुवा आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाळवा. याचा आणखी एक फायदा: जे आटायचं ते आधीच आटतं, शिवल्यावर पॅड चुरगळत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना ही पायरी नकोशी होते. नवं कोरं कापड बघितलं की कात्री हातात यायला लागते, काय करणार.

दुसरं कारण तेल. वर ज्या ताईंनी आठ इलॅस्टिकं बदलली त्यांच्या घरी गेले, तर बाळाच्या आजी दर वेळी डायपर बदलताना जांघेत आणि बुडाला खोबरेल चोपडत होत्या. शिवाय सकाळी मालिशवाल्या मावशींचं वेगळं. सगळी पॅडं तेलाने माखली होती, हाताला बुळबुळीत लागायची. मी थेंबाचा प्रयोग आजींसमोर केला. त्या म्हणाल्या, "मग काय, तेल लावायचं नाही म्हणता? पावडर लावू?" म्हटलं, आजी, पावडर तर मुळीच नको, ती बाळाच्या नाकातोंडात जाते. तेल लावा, पण पॅडवर हा तुकडा घाला. जुन्या मलमलीच्या साडीच्या वितभर रुंद पट्ट्या कापून दिल्या. तेल पट्टीवर राहतं, पट्टी वेगळी धुवायची. झिंक ऑक्साइडचं मलम लावत असाल तरी हीच पट्टी हवी, ते तर तेलापेक्षा चिवट.

तिसरं, कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव. ते धाग्याभोवती पातळ थर देतं, म्हणून कपडा मऊ लागतो. तोच थर पाणी आत जाऊ देत नाही. डायपरसाठी हे द्रव पूर्ण बंद.

चौथं, जड पाणी आणि साबणाची वडी. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांची आणि साबणाची गाठ पडली की न विरघळणारा पांढरा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला चिकटतो तोच. तो पॅडमध्येही बसतो. वडीऐवजी डिटर्जंट पावडर वापरा, पुरेशी वापरा, आणि फेस जाईपर्यंत खळबळून काढा. हल्ली बऱ्याच घरांत आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी कपड्यांना वापरतात. बचत म्हणून कौतुकच आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. फरशी पुसायला वापरा, डायपरला नको. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी बादलीत धरता आलं तर शेवटचं खळबळणं त्यात करा.

उपाय चारही कारणांना साधारण एकच. फक्त पॅडं घ्या, चड्ड्या नाही. कडकडीत गरम पाण्याच्या बादलीत मोठा चमचाभर धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) आणि नेहमीएवढी पावडर टाकून तासभर बुडवा, हातात मोजे घालून चोळा, मग साध्या पाण्यात तीनदा काढा. वाळल्यावर परत थेंब टाकून बघा. तेल जुनं असेल तर दोनदा करावं लागतं. चड्डी मात्र उकळत्या पाण्यात टाकू नका, पीयूएलचा थर सुटतो. तिला हाताला सोसेल एवढं गरम पाणी पुरे.

झोंबणाऱ्या वासाचं इथेच उरकते. शूमधल्या युरियापासून जिवाणू अमोनिया करतात, त्याचा तो वास. ओले डायपर झाकणाच्या बादलीत दिवसभर कोंडले की वास पक्का बसतो. काढल्याबरोबर साध्या पाण्यातून काढून उघडे ठेवा, रोज धुवा, उन्हात वाळवा. पावसाळ्यात दमट राहिलेली पॅडं पंख्याखाली कोरडी करा, आणि पातळ घड्यांची पॅडं शिवा म्हणजे उलगडून वाळवता येतील. जाड आठ पदरी पॅड जुलैत दोन दिवस वाळत नाही.

पाचवी: इलॅस्टिक

पायाचं इलॅस्टिक ओढा आणि सोडा. चटकन मूळ लांबीला आलं तर ठीक. आळसावल्यासारखं हळूहळू आलं, किंवा आत करकर वाजलं, तर ते मेलं. ब्लीच, कडक उष्णता, आणि ओल्या पॅडसकट चड्डी पायाच्या भोकातून दोरीवर लटकवणं, ही तिन्ही त्याची मरणं. पॅड वेगळं, चड्डी आडवी वाळत घाला.

बदलणं अवघड नाही. नळीसारखी शिवण दोन्ही टोकांना बोटभर उसवा, जुन्याच्या टोकाला नवं सेफ्टी पिनने जोडा आणि ओढून घ्या. मी ९ इंचांच्या कडेला साडेपाच इंच इलॅस्टिक घालते, पाऊण-एक सेंटिमीटर रुंदीचं. मोजून दोन्ही पायांना सारखं. अंदाजाने कापलं की एक मांडी गळते आणि दुसरीवर वळ. इलॅस्टिक थेट कडेवर टीप मारून बसवलं असेल, नळी नसेल, तर ते उसवताना पीयूएलवर भोकांची रांग राहते. अशा वेळी जुनं तिथेच राहू द्या आणि आतल्या बाजूने, कडेच्या मायेत (शिवणीच्या बाहेर सोडलेल्या जादा कापडात), नवं बसवा.

सहावी: शिवण आणि नक्षी

आता माझा हत्ती. मी शिवलेला पहिला डायपर बहिणीच्या मुलाला बारशाला दिला होता. बाहेरून पिवळं सुती कापड, बुडावर राखाडी कापडाचा हत्ती, पाठीवर साखळी टाक्याची लाल झूल. बाळंतविड्यातली झबली-टोपडी भरायची सवय, तोच हात इथे चालवला. दोन दिवसांनी तिचा फोन. "ताई, हत्ती ओला होतो गं." म्हणजे? म्हणजे बाकी डायपर कोरडा आणि हत्ती तेवढा ओला. मी हत्ती पीयूएलसकट भरला होता.

हिशोब करा. साधी सरळ टीप, टाका ३ मिलिमीटरचा, तर ३० सेंटिमीटरला १०० भोकं. हत्तीच्या कडेने दाट झिगझॅग मारला आणि दर अर्ध्या मिलिमीटरला एक भोक धरलं, तर तेवढ्याच लांबीत ६००. आणि प्रत्येक भोकात एक सुती धागा, म्हणजे प्रत्येक भोकात वात. आम्ही पाणी अडवायला कापड विकत आणतो आणि मग त्यात चाळणी करून चाळणीत वाती लावतो. हातांनी भरताना तर सुई जाड, टाका मोठा, आणि धागा सहा पदरी.

तुमचं तसंच झालंय का ते असं बघा. ताटलीत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घाला, त्याच्यावर चड्डी द्रोणासारखी खोलगट धरा, आत वाटीभर पाणी ओता. दहा मिनिटं थांबा. मग तळहाताने आतून हलकेच दाबा, बाळ बसतं तसं. चड्डी उचला. कागदावर जिथे ठिपके उमटले तिथे भोकं आहेत. ठिपक्यांची सरळ रांग दिसली तर शिवण, एकटा ठिपका बटण किंवा टाचणी, आणि हत्ती उमटला तर काय ते समजा.

उसवून उपयोग नाही. पीयूएलमधलं भोक कापडासारखं मिटत नाही. नेलपॉलिश, डिंक, सगळं करून झालंय; दोन धुण्यांत निघून येतं. अमेरिकेत राहणारी माझी भाची शिवलेला डायपर गरम ड्रायरमध्ये फिरवते, उष्णतेने थर नरम होऊन बारीक भोकं थोडी बुजतात. आपल्याकडे ड्रायर कुणाकडे, आणि इस्त्री थेट थरावर टेकवली तर तो इस्त्रीलाच चिकटून येतो. चालणारा उपाय एकच आहे: नक्षीच्या मागे पीयूएलचा दुसरा, अखंड थर. चड्डीचाच कागदी बेत वापरून नवा तुकडा कापा, एका पायाची शिवण उघडून आत सरकवा, आणि फक्त कडेच्या मायेत पकडा. मधे एकही टाका नको. बहिणीचा हत्ती असाच वाचवला.

नव्याने शिवताना क्रम उलटा करा. आधी सुती कापडावर एकट्यावर सगळी नक्षी: भरतकाम, पॅचवर्क, कापडाचा रंग, काय हवं ते. रंग इस्त्रीने पक्का करायचा असेल तर तोही आताच. मग त्याच्यामागे पीयूएल ठेवा आणि दोन्ही फक्त कडेने जोडा. नक्षी तशीच दिसते, काही कमी होत नाही. मणी, टिकल्या, घुंगरू, सुटे होणारे डोळे असलं काही लावू नका. बाळाच्या हाताला लागलं की ते तोंडात जातं.

नक्षी नसतानाही शिवणीतून गळत असेल तर कड बघा. बाहेरचं सुती कापड आणि आतलं सुती कापड मांडीपाशी एकमेकांना भेटतात का? सुती पायपिंग लावलंय का? मग परत वात. पायपिंग फार गोंडस दिसतं, मीही लावायचे, पण ते आतली ओल उचलून बाहेर आणतं. त्याजागी पीयूएलचीच पट्टी लावा, किंवा बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आधीच आतलं कापड संपवा.

शिवताना: दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही. सुई ११ नंबरची बॉलपॉइंट, जाड थरांना १४. टाका ३ मिलिमीटर, बारीक नको; बारीक टाक्याने कापड पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखं फाटतं. टाचण्या नकोत, कपड्याच्या चिमट्या लावा. लावायचीच असेल तर टाचणी मायेत. पीयूएलची चकचकीत बाजू मशीनच्या फुटाला चिकटून जागच्या जागी टाके पडत असतील तर वर पतंगाचा कागद ठेवून टीप मारा आणि नंतर फाडून काढा. प्रेसच्या बटणांमागे पीयूएलचा छोटा चौकोन द्या, नाहीतर ओढून ओढून तिथेच फाटतं.

अस्तर म्हणून छत्रीचं कापड वापरणारे भेटतात. छत्रीवरून पाऊस घसरतो, पण त्याच कापडावर ओलं ठेवून दाबलं तर झिरपतं. दुसऱ्या टोकाला जाड प्लास्टिक: गळत नाही, पण आत वाफ कोंडते आणि पुरळ येतं. ही कुस्ती जुनीच आहे. रबरी चड्ड्यांनी बाळं लाल व्हायची म्हणून अमेरिकेत मेरियन डोनोव्हन नावाच्या बाईने १९४६ मध्ये बाथरूमचा पडदा कापून घरच्या मशीनवर डायपरचं कव्हर शिवलं, पुढे पॅराशूटचं नायलॉन वापरलं, सेफ्टी पिनांच्या जागी प्रेसची बटणं लावली आणि १९५१ मध्ये पेटंट मिळवलं. पडदा कापणं आपल्या घरात कुणी खपवून घेतलं असतं का, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

इथे थांबा

डॉक्टरांकडे. पहिला आठवडा उलटल्यावर बाळाने २४ तासांत निदान सहा वेळा डायपर ओला करायला हवा. "आता गळतच नाही" म्हणून खूश व्हायच्या आधी हे मोजा. त्याहून कमी होत असेल, बाळ सुस्त असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. शूत रक्त दिसलं, किंवा पहिल्या काही दिवसांनंतरही विटकरी डाग पडत राहिले तरी दाखवा. बूड लाल होऊन दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, फोड किंवा पू असेल, किंवा लालीच्या कडेने सुटे लाल ठिपके पसरत असतील तर ती बुरशी असू शकते, पॅड बदलून जात नाही. शेजारणीने दिलेली, घरात पडलेली ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

शिंप्याकडे. इलॅस्टिकसकट सहा-सात थर झाले की पायाचं मशीन टाके सोडतं आणि सुया मोडतात. तिसरी सुई मोडली की जोर लावणं बंद करा, ओव्हरलॉक आणि जड मशीन असलेल्या शिंप्याकडे द्या. देताना सांगा: दादा, टाचण्या लावू नका, सुती दोरा नको, आणि मधून टीप मारू नका. हे लिहूनच द्या. तोंडी सांगितलेलं विसरतात, आणि शोभा म्हणून वरून दोन टिपा जास्त मारून देतात.

आणि पीयूएलवर फुगे आले, पापुद्रे सुटले, उजेडात धरलं तर कापडाची जाळी दिसायला लागली, तर ती चड्डी संपली. तिच्यावर आणखी एक दुपार घालवू नका. प्रेसची बटणं कापडासकट कापून घ्या, नक्षी चांगली असेल तर तीही नव्या चड्डीसाठी काढा, पॅडं ठेवा. बाकीची टाका.